शिसपेन्सिलीने भरलेला अर्ज

माझ्या बायकोच्या थोरल्या भावाला सगळे खोडरबर म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तोही ओ देई. मी त्याच्याशी बोलताना 'तुम्ही' म्हणायचो, मनात मात्र तो कायम 'तो'च होता. इथेही तोच म्हणतो. आता तो या जगात नाही, आणि खरं सांगायला बसलोच आहे तर उगाच मान देऊन सुरुवात कशाला करू?

खोडरबर इमारतींचे नकाशे काढायचा. जिने ही त्याची खासियत. एका कचेरीत उंच स्टुलावर बसून त्याने बावीस वर्षं जिने काढले: सरळ जिने, वळणाचे जिने, चिंचोळ्या जागेत कसेबसे बसवलेले जिने. सगळे शिसपेन्सिलीने. त्यावर शाई फिरवायचं काम शेजारच्या टेबलावरचा माणूस करी. एकदा मी विचारलं की शाईही तुम्हीच का नाही फिरवत. तर म्हणाला, "शाई म्हणजे विषय संपला, भावोजी." विषय संपलेला त्याला आवडत नसे.

घरीही तेच. भिंतीत एक खिळा ठोकलेला नव्हता, कारण उद्या तसबीर दुसरीकडे लावावीशी वाटली तर? मग तसबिरी जमिनीवर भिंतीला टेकून बसलेल्या असत, शिक्षा झालेल्या मुलांसारख्या. चपला एक नंबर मोठ्या घ्यायचा. हॉटेलात वेटरला तीनदा परत बोलवायचा. लग्नाला होकार कळवला तोसुद्धा 'सध्या तरी हो' असा, आणि वहिनींनी हे वाक्य त्याला जन्मभर ऐकवलं. फोन नंबर, वाढदिवस, डॉक्टरांच्या तारखा, सगळं पेन्सिलीने लिहिलेलं. खिशात एकावेळी तीन पेन्सिली आणि एक रबर असे. पेन मात्र मी त्याच्याकडे कधी पाहिलं नाही.

मग त्याच्या कचेरीत कॉम्प्युटर आले. त्याची पेन्सिल तासून होईपर्यंत समोरचा पोरगा अख्खा जिना काढून चहाला जायला लागला. लाकडी ड्रॉइंग बोर्ड एकावर एक रचून जिन्याखाली ठेवले गेले, आणि खोडरबरला जुन्या नकाशांच्या खोलीत पाठवलं. काम काय, तर नकाशांच्या घड्या घालायच्या आणि कपाटात लावायच्या. त्यातले निम्मे जिने त्याच्याच हातचे होते.

"एकच गोष्ट शिकलो, तिथे फसलो," तो भेटेल त्याला सांगायचा. दूधवाल्यालाही सांगायचा. आणि नुसतं सांगून थांबला असता तरी चाललं असतं. त्याला एक मुलगी होती.

तिला गोटी म्हणत, कारण लहानपणापासून तिला दगडांचा नाद. इतर पोरी बाहुल्या मागत, ही वाटेत बसकण मारून खडा उचलायची आणि मग हलायची नाही. खाटेखाली बुटांच्या खोक्यांत तिने दगड भरून ठेवले होते. प्रत्येक दगडाखाली एक चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर खोडरबरचं नकाशातलं टपोरं अक्षर: 'काळा, जड, नदीकाठ, बहुधा.' 'पांढरा, आत चमक, टेकडीमागे, बहुधा.' एकही चिठ्ठी त्या 'बहुधा'वाचून नव्हती. बापलेक तासन्‌तास त्या खोक्यांपुढे बसत. हे मी कौतुकाने सांगत नाही. मला मूलबाळ नाही, आणि ते दोघं तसे बसलेले पाहिले की मला राग यायचा, कशाचा ते मला तेव्हा विचारायचं सुचलं नाही.

आता माझ्याबद्दल. मी कॉलेजात कारकून होतो, खिडकी क्रमांक तीन. एकोणतीस वर्षं त्याच खिडकीत. मुलं प्रवेशाचा अर्ज आणून देत, त्यात विषयांच्या पसंतीचे पाच रकाने असत. मी अर्ज उघडायचा, पहिल्या पसंतीपुढे तांबड्या पेन्सिलीने बरोबरची खूण करायची, वहीत त्या विषयाखाली एक रेघ ओढायची, शिक्का मारायचा. खूण आणि रेघ हा माझा स्वतःचा शोध होता, कोणी सांगितलेलं नव्हतं. त्यामुळे कुठल्या विषयाला किती अर्ज आले हे प्राचार्यांच्या आधी मला कळे, आणि या एका गोष्टीपुरता मी त्या इमारतीत मोठा माणूस होतो.

एक नियम मात्र छापलेलाच होता: अर्ज शाईने भरावा. पूर्वी कोणीतरी दुसऱ्याचा रकाना खोडून तिथे भलतंच लिहिलं होतं, तेव्हापासून पेन्सिलीने भरलेला रकाना म्हणजे कोरा रकाना. वरच्या मजल्यावर याद्या करणारी मंडळी त्याच्याकडे बघतही नसत. ज्याचे रकाने कोरे, त्याला उरलेला विषय मिळे.

गोटी बारावी झाली, चांगले मार्क पडले. तिला भूगर्भशास्त्र घ्यायचं होतं. आमच्याच कॉलेजात तो विषय होता, वीस जागा, आणि त्या कधी भरत नसत. तिने हे घरी सांगितलं, आणि पुढच्या रविवारी दुपारी खोडरबरने आम्हा दोघांना जेवायला बोलावलं. जेवण उरकल्यावर त्याने दिवाणखान्यात जमिनीवर एक भलामोठा कागद पसरला आणि चारी कोपऱ्यांवर गोटीचेच दगड ठेवले.

तो नकाशा होता. डावीकडे चौकोनांत विषय, उजवीकडे चौकोनांत नोकऱ्या, मधे बाण. महिनाभर खपून काढलेला. गणितातून एकोणीस बाण निघत होते. अर्थशास्त्रातून चौदा. भूगर्भशास्त्रातून चार, आणि त्यातला एक 'शिक्षक', जो सगळ्यांतूनच निघत होता.

"बघ," तो गोटीला म्हणाला, "गणित घेतलंस की एकोणीस दारं उघडी. नंतर काय हवं ते ठरव. घाई कुठे आहे?"

"बाबा, मी एकोणीस ठिकाणी जाणार आहे का?" गोटी म्हणाली. "मला एकाच ठिकाणी जायचंय."

"आणि ते बंद पडलं तर?"

"तर मग बघू."

"मीही असंच म्हणालो होतो."

यावर तिने बापाकडे बघितलं आणि कागदाच्या कोपऱ्यावरचा दगड नीट ठेवला. वहिनी पानं उचलत म्हणाल्या, "भावोजींना विचारा ना, त्यांच्या खिडकीतून हजारो पोरं गेलीत." आणि मी खरंच सांगणार होतो. सांगणार होतो की हा नकाशा साफ चुकीचा आहे. दरवर्षी शेकडो मुलं 'सगळं करता येतं' म्हणून विषय घेतात, आणि तीन वर्षांनी त्याच खिडकीत दाखला न्यायला येतात तेव्हा काय करायचं ते त्यांना ठाऊक नसतं. पोरीला एवढं नक्की कळतंय तर घेऊ द्या. हे सगळं माझ्या ओठांवर होतं.

तेवढ्यात माझ्या बायकोने कागदाच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "दादा, हे काय रे?"

तिथे एक छोटा चौकोन होता. त्यात येणारे बाण पुष्कळ होते, बाहेर जाणारा एकही नव्हता. आत त्याच टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: 'खिडकी'.

"ते होय," खोडरबर हसत म्हणाला, "ज्यांनी वेळेवर विचार केला नाही त्यांच्यासाठी. भावोजी, रागावू नका हं, गंमत आपली."

वहिनी हसल्या. गोटी हसली. माझी बायको तर पोट धरून हसली. मीही हसलो, आणि माझ्या तोंडातलं सगळं गिळून टाकलं. म्हणालो, "तुम्ही म्हणता त्यात तथ्य आहे. दारं उघडी ठेवलेली बरी."

त्या दिवशी ते जिव्हारी लागलं. माणसाला कोणी नालायक म्हटलं तर भांडता येतं. मापात आखून, चौकोन करून दाखवलं तर काय बोलणार?

पुढे घरात पंधरा दिवस धुसफूस चालली. शेवटी वहिनींनी तोड काढली: अर्ज शेवटच्या दिवशी द्यायचा, त्या दिवशी भावोजींना विचारायचं, आणि दगडांच्या जागा शिल्लक असतील तर पोरीच्या मनासारखं करायचं. खोडरबर कबूल झाला. तोपर्यंत रकाने पेन्सिलीने भरलेले राहतील, खिडकीवर शाई फिरवू, असं त्यानेच सुचवलं. त्यातच त्याला समाधान होतं.

शेवटच्या दिवशी दुपारी बापलेक आले. गोटी खिडकीपर्यंत आलीच नाही, पलीकडच्या व्हरांड्यात भूगर्भशास्त्राचं काचेचं कपाट होतं, तिथे नाक लावून उभी राहिली. खोडरबर रांगेतून पुढे आला.

"भावोजी, किती उरल्यात?"

"अकरा."

त्याने अर्ज खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. पहिल्या रकान्यात 'गणित' होतं. तिथे आधीही इतकं खोडून झालेलं होतं की कागद पातळ झाला होता. त्याने पुन्हा रबर फिरवलं, मागची मंडळी कुरकुरायला लागली, आणि मग त्याने सावकाश, एकेक अक्षर आखल्यासारखं लिहिलं: भूगर्भशास्त्र. रबराची भुकटी फुंकली, ती माझ्या टेबलावर आली. मान वर करून म्हणाला, "जाऊ दे. तिचं आयुष्य आहे. मी काय एवढे जिने काढले, त्यावरून कोण कुठे गेलं हे मला थोडंच ठाऊक आहे?"

मग खिसे चाचपायला लागला. तीन पेन्सिली निघाल्या.

"भावोजी, तुमचं पेन जरा देता? शाईने करून टाकतो."

पेन माझ्या हाताशी होतं. मी ते बघितलं, तोही बघत होता.

"राहू द्या," मी म्हणालो. "चालतं."

"पेन्सिलीने चालतं?"

"चालतं हो. द्या इकडे, मागे रांग आहे."

त्याच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली ती मी विसरलेलो नाही. आयुष्यात एकदा शाई वापरायची वेळ आली होती, तीही टळली. त्याने खिडकीतून हात आत घातला आणि माझा हात दाबला. "उपकार झाले, भावोजी." मी अर्ज घेतला, हाताच्या सवयीने पहिल्या पसंतीपुढे तांबडी खूण केली, वहीत रेघ ओढली, शिक्का मारला.

गठ्ठा पाच वाजेपर्यंत माझ्या कोपराशी होता. त्या अक्षरांवरून एकदा पेन फिरवलं असतं तर काम झालं असतं, दोन मिनिटं लागली असती. थोडं घाबरवू, मग करू, असं मी स्वतःला सांगत होतो. मग मी डबा खाल्ला. मग चहा घेतला. पाच वाजता शिपाई गठ्ठा वर घेऊन गेला आणि मी छत्री उचलून घरी आलो. कामाच्या गडबडीत राहून गेलं असं म्हणता आलं असतं, पण त्या दुपारी तितकं कामच नव्हतं.

यादी लागली. गोटीचं नाव कार्यालयीन व्यवस्थापनाखाली होतं. पत्रं कशी लिहायची, फायली कशा लावायच्या, अर्ज कसे घ्यायचे, हे शिकवणारा विषय. कोणी मागत नसे म्हणून तो नेहमी उरायचा.

संध्याकाळी सगळे त्यांच्या घरी जमलो. खोडरबर माझ्याकडे बघून म्हणाला, "भावोजी, तुम्ही चालतं म्हणालात."

"मी?" मी म्हणालो. "पंचवीस वर्षं त्या खिडकीत बसलोय. पेन्सिलीचा अर्ज चालतो असं मी म्हणेन? अहो, गर्दी होती, मी अर्ज उघडूनसुद्धा पाहिला नाही. तुम्ही दिलात, मी शिक्का मारला."

"मी पेन मागितलं तुमच्याकडे."

"मागितलं असतंत तर दिलं नसतं का?"

सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. भिंतीत खिळा न ठोकणारा, वेटरला तीनदा बोलावणारा माणूस. त्याच्या शब्दापुढे माझा शब्द. कोणाला फार विचार करावा लागला नाही. गोटी उभी राहिली, आवाज चढवला नाही, म्हणाली, "एकदा. आयुष्यात एकदा शाई वापरायची होती तुम्हाला. आणि वर काकांवर ढकलताय."

मला आनंद झाला. झाला, हे लपवत नाही. तो दोन दिवस टिकला.

प्राचार्यांकडे रडून झालं. त्यांनी मला बोलावून विचारलं, मी नियम सांगितला. अर्ज काढून बघू या का, असं खोडरबर म्हणाला, तर मी म्हणालो गठ्ठे सीलबंद झालेत. प्राचार्यांना सभेला जायचं होतं. "पुढच्या वर्षी बघा," ते म्हणाले. पुढच्या वर्षी भूगर्भशास्त्र बंद झालं. विद्यार्थी मिळत नव्हते.

गोटीने आहे ते शिक्षण पुरं केलं. बापाशी ती नंतर आईच्या मार्फत बोलायची. "त्यांना सांग जेवण वाढलंय." एकाच खोलीत, चार हातांवर बसून. दगडांची खोकी खाटेखाली तशीच राहिली, चिठ्ठ्यांवरची अक्षरं पुसट होत गेली. खोडरबरने घराच्या भिंतीत पहिला खिळा ठोकला तो त्याच वर्षी, आणि त्यावर काही लावलं नाही. एकदा तो माझ्या घरी आला, चपला न काढताच दारात उभा राहिला आणि म्हणाला, "मीच विसरलो असेन, भावोजी. माझा स्वभावच तसा. तुमच्यावर उगाच आळ घेतला, माफ करा." मी मोठ्या मनाने माफ केलं. बायकोने त्याला चहा दिला.

मी निवृत्त झालो तेव्हा खिडकी क्रमांक तीन रिकामी झाली. गोटीकडे नेमकं त्याच कामाचं शिक्षण होतं. मी शब्द टाकला आणि तिला चिकटवून दिली. "भाचीचं कल्याण केलं ह्यांनी," माझी बायको सगळ्यांना सांगत फिरली. गोटी माझ्या पाया पडली. मी तिला वही दाखवली, तांबड्या पेन्सिलीची खूण कशी करायची ते दाखवलं, आणि सांगितलं की ही माझी पद्धत, दुसऱ्या कुठल्या खिडकीत सापडणार नाही. ती कागद जागचे हलू नयेत म्हणून त्यांवर दगड ठेवायची, एवढंच तिचं स्वतःचं.

त्यानंतर वर्षभरात खोडरबर आजारी पडला. दवाखान्यात गोटी रोज डबा घेऊन जायची आणि बाहेर बाकावर बसायची. तो आतून वहिनींना विचारायचा, "आली का?" "आलीये," वहिनी म्हणायच्या. "आत बोलाव की." ती यायची नाही. शेवटच्या दिवशी नर्सने हाक मारली तेव्हा ती धावत आत गेली, पण तोपर्यंत आटोपलं होतं. उशाशी त्याचा चष्मा आणि एक पेन्सिल होती.

या वर्षी जुने अर्ज निकालात काढायचे ठरले. दहा वर्षांपूर्वीचे गठ्ठे खिडकी क्रमांक तीनकडे आले, वेगळे करून रद्दीत द्यायला. हे मला कळलं ते असं.

वर्षातून एकदा मला हयातीचा दाखला द्यायला त्या खिडकीवर जावं लागतं. अर्जात आपण जिवंत आहोत असं लिहून द्यायचं, की वर्षभर निवृत्तिवेतन सुरू राहतं. एरवी गोटी मला लांबूनच बघायची आणि "काका, आत या, बसा" म्हणून खुर्ची द्यायची. गेल्या आठवड्यात गेलो तर तिने मान वर केली नाही. मी रांगेत उभा राहिलो. माझी पाळी आली आणि मी कट्ट्यावर कोपर टेकलं.

तिच्या टेबलावर काच आहे. काचेखाली एक अर्ज ठेवला होता, बाहेर उभ्या असलेल्या माणसाला सरळ वाचता येईल असा. पहिल्या रकान्यात कागद पातळ झालेला. पुसट, टपोरं, एकेक अक्षर आखलेलं: भूगर्भशास्त्र. 'बहुधा' नव्हतं. आणि त्याच्यापुढे, काल केल्यासारखी ठसठशीत, माझी तांबडी खूण.

मी तिच्याकडे बघितलं. ती कधीपासून माझ्याकडेच बघत होती. डोळे कोरडे होते.

"द्या," ती म्हणाली.

मी माझा अर्ज दिला. "शाईने भरलाय," मी म्हणालो, तिने विचारलं नसताना.

तिने अर्ज उघडला. वरून खाली सावकाश वाचत गेली, एका जागी बोट ठेवून थांबली. बराच वेळ थांबली. मागचा माणूस खाकरला.

"काही राहिलंय का?" मी विचारलं. "पेन आहे माझ्याकडे. आत्ता करून देतो."

तिने बोट उचललं, शिक्का घेतला आणि मारला.

"चालतं, काका," ती म्हणाली. "मागे रांग आहे."

घरी आलो तर बायकोने विचारलं, झालं का काम. झालं म्हटलं. गोटीने आत्याला काही सांगितलंय की नाही, ते बायकोच्या चेहऱ्यावरून कळत नाही. परत जाऊन विचारावं असं दहादा वाटलं, पण त्या खिडकीत उभं राहून काय विचारू? रोज दुपारी कागद घेऊन बसतो आणि तो अर्ज पहिल्यापासून आठवून लिहून काढतो, नाव, पत्ता, जन्मतारीख, सही. तिचं बोट कुठल्या रकान्यावर थांबलं होतं, ते काही केल्या आठवत नाही.